नागपूरच्या खोलीचे स्पीकर

४ सप्टेंबर, गुरुवार

डावा गेला!

सकाळी कॅसेट लावली, पोह्यांची प्लेट घेऊन बसलो आणि दोन घास खाल्ले नाहीत तोच गाणं अर्धं झालं. उजवीकडून गायक आणि पेटी, डावीकडे शुकशुकाट. आधी वायरवर संशय. सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात लूज कॉन्टॅक्ट शोधण्यात गेली, दुसरं काय सुचणार. वायर काढली, टोकं कापली, नवं तांबं काढून परत बसवली. वायर निर्दोष. मग स्पीकरांची अदलाबदल केली. मुका स्पीकर उजवीकडे नेला तर खणखणीत वाजला. म्हणजे दोष अ‍ॅम्प्लिफायरचा, एक चॅनेल बसलं.

भुसावळला असताना घेतलेला. मयूरीच्या जन्माच्याही आधीचा. भुसावळ, रतलाम, अजमेर, जयपूर — चार गावं हिंडला, पण दर वेळी स्वतःच्या खोक्यातून, स्वतःच्या थर्माकोलात बसून. अंगावर ओरखडा नाही. ट्रकमध्ये कपाटं मोडली, आरसा फुटला, याला काही झालं नाही. बदलीच्या नोकरीत माणसानं वस्तू सांभाळली नाही तरी चालेल, खोकं सांभाळावं.

सुवर्णा म्हणाली, "तुम्ही जानेवारीत रिटायर झाले, तो सप्टेंबरात. तुमच्यापेक्षा जास्त टिकला."

पोहे गार झाले.

५ सप्टेंबर

मयूरीचं मत: "पप्पा, एक साउंडबार लावून टाका ना. मतलब, झंझटच नाही. टीव्हीच्या खाली ठेवा, बस."

ही मुलगी सीतापुऱ्याच्या कारखान्यात दागिन्यांची डिझाइनं काढते. एका कानातल्यात खडा इकडे बसवायचा की तिकडे यावर आठवडा घालवते. आणि बापाला म्हणते, बस!

७ सप्टेंबर, रविवार

कारागिराने पाहिला. म्हणाला, दुरुस्त होईल, पण आतला तो भाग आता मिळत नाही, जुगाड करावा लागेल आणि जुगाडाची गॅरंटी नाही. स्पीकरही उघडून दाखवले. आतल्या कागदी कोनच्या कडेची रबराची पट्टी बोट लावताच भुगा होऊन हातात आली. मी रोज ऐकतो आणि मला कळलं नव्हतं. माणूस हळूहळू बिघडणाऱ्या गोष्टीला सरावतो.

तेव्हा ठरलं. कॅसेट डेक राहील — त्याला मरण नाही. अ‍ॅम्प्लिफायर नवा, स्पीकर नवे. सुवर्णाला विचारलं. ती डाळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घ्या की. तुमचा जीव त्यातच आहे." एवढ्या लवकर हो म्हणेल असं वाटलं नव्हतं, त्यामुळे तयार ठेवलेली सगळी कारणं वाया गेली.

९ सप्टेंबर

वसंताचा फोन. हा माझा धाकटा भाऊ, नागपूरला असतो. घरावर वरची खोली चढवली तेव्हापासून त्या खोलीचं नावच 'दादाची खोली' पडलंय. त्याची पोरंसुद्धा तेच म्हणतात. इतकी वर्षं आम्ही सगळ्यांना सांगत आलो की रिटायर झालो की नागपूर. जूनमध्ये रेल्वेचं क्वार्टर सोडलं आणि जयपुरातच प्रताप नगरच्या या तळमजल्यावर आलो, तेही सध्यापुरतं. फ्लॅट घेतलाय तो मयूरीसाठी. आम्ही निघालो की तिला.

"दादा, केव्हा येऊन राहिला तू?" रोजचाच प्रश्न. पण आज पुढे एक होतं. बँकेत काम करणाऱ्या एक बाई वरची खोली भाड्यानं मागताहेत. चांगल्या आहेत, एकट्या आहेत. "तू येत असशील तर नाही म्हणतो त्यांना. दसऱ्यापर्यंत सांग."

सांगतो म्हटलं. मग त्याला टेप घेऊन वर पाठवलं आणि खोली मोजायला लावली. बारा बाय दहा. एक खिडकी, पूर्वेला. छत जरा बुटकं.

त्याला वाटलं पलंगासाठी विचारतोय.

१० सप्टेंबर

दिवसभर वाचन. शिकलो ते असं: आधी स्पीकर निवडावा, मग त्याला झेपेल असा अ‍ॅम्प्लिफायर. वॉटचे आकडे पाहून भुलू नये. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे खोली. स्पीकर खोलीला शोभला पाहिजे. लहान खोलीत मोठे स्पीकर ठेवले की बास नुसता घुमतो, गाण्याचा चिखल होतो. मोठ्या खोलीत लहान ठेवले तर आवाज भिंतीपर्यंत पोचायच्या आत दमतो.

बारा बाय दहाला बुकशेल्फ. पुस्तकांच्या फळीवर मावतील असे छोटे. त्यावर शंकाच नको.

सुवर्णाने कढीपत्त्याचं रोप आणलंय. मागच्या मातीच्या पट्टीत खड्डा करून लावलं. मी म्हटलं कुंडीत लाव. "कुंडीत जीव धरत नाही ते," म्हणाली. भुसावळपासून कुंडीतच तर लावत आलो.

१३ सप्टेंबर, शनिवार

जयंती मार्केटला जाऊन आलो. आजचा दिवस मजेत गेला.

माझा हट्ट होता की ऐकायचं तर आपल्या डेकवर, आपल्या कॅसेटवर. दुकानदार विदेशी गाण्यांचे नमुने लावतात, त्यात काचेचे पेले किणकिणतात, सगळेच स्पीकर चांगले वाटतात. मला ऐकायची होती आमची भीमगीतं, चाळीस वर्षं पाठ असलेली. कुठे ढोलकीवाला हात उचलतो, कुठे कोरसमधली एक बाई सगळ्यांच्या आधी शिरते, मला ठाऊक आहे. तेव्हा डेक सोबत न्यायचा ठरवला. म्हटलं, माळ्यावरून त्याचं खोकं काढतो. स्टूल ओढलंसुद्धा. सुवर्णा स्वयंपाकघरातून धावत आली.

"काहून चढता जी? गुडघा विसरले का? टॉवेलात गुंडाळा न्, एवढंच तर जायचंय."

टॉवेलात गुंडाळला. मयूरीच्या स्कूटरवर मागे, मांडीवर डेक, टॉवेल गुलाबी. सांगानेरच्या चौकात सिग्नलला शेजारच्या ऑटोतली बाई वाकून पाहायला लागली. तिला वाटलं असणार, बाळ आहे.

दुकानदार माथुरजी माझ्याच वयाचे. डेक पाहून उठून उभे राहिले. पहिला प्रश्न, "साहब, कमरा कितना बड़ा है?"

म्हटलं, बारा बाय दहा.

मयूरीने माझ्याकडे पाहिलं.

तीन जोड्या ऐकल्या. पहिली गोड होती, पण सगळ्यांचाच आवाज सारखा गोड, गायक आणि कोरस यांत फरक राहीना. दुसरी इतकी स्पष्ट की कॅसेटची खरखर गाण्याच्या पुढे येऊन बसली. तिसरी बरोबर. गायक समोर उभा, पेटी जरा मागे, आणि ती बाई सगळ्यांच्या आधी शिरली ती ऐकू आली! माथुरजींनी डोळे मिटून बोटाने ताल धरला. भाषा कळत नव्हती त्यांना. म्हणाले, "मतलब बाद में बताइएगा।" मी तिथेच सांगितला. ऐकून घेतला त्यांनी नीट.

दुकानाच्या त्या ऐकायच्या खोलीतून निघवेना.

१४ सप्टेंबर

अ‍ॅम्प्लिफायरवरून दोन मनं. एक आहे त्याला बास-ट्रेबलची बटणंच नाहीत. का, तर शुद्धता. दुसऱ्याला आहेत. शुद्धतावाले म्हणतात, कलाकाराने जसं गायलं तसं ऐकावं. अहो, आमच्या कलाकाराने लग्नाच्या मांडवात एका माइकवर गायलं, ते वाऱ्यासकट कॅसेटवर आलं. त्याला थोडा ट्रेबल कमी करून ऐकलं तर कुणाचं काय जातं? बटणंवाला.

शिवाय बटण फिरवताना बोटाला जे जड लागतं त्याचं एक सुख असतं. रिमोटमध्ये ते नाही.

१८ सप्टेंबर, गुरुवार

आले! दुपारी टेम्पो आला. जोडून घेतले. वायरी स्वतः सोलल्या, लाल लालला, काळी काळीला, दोनदा तपासलं. शेजारच्या बिमलाजी दारात उभ्या राहून पाहत होत्या. त्या आणि सुवर्णा रोज सकाळी पार्कात फिरायला जातात. येताना भाजी आणतात, जाताना काय बोलतात देव जाणे, परत येताना तेच पुढे चालू असतं.

खुर्ची जवळ ओढून बसलो. स्वच्छ आवाज. शब्द न् शब्द सुटा. अगदी सुखात आहे.

रिकामी खोकी सुवर्णाला दिली, माळ्यावर ठेव म्हटलं, जुन्यांच्या शेजारी. "ठेवते," म्हणाली.

२० सप्टेंबर

खोकी दाराआडच आहेत.

२१ सप्टेंबर, रविवार

सुवर्णाने पडदे शिवले. माप घेऊन, खिडकीबरोबर. आजवर तिने पडदे कायम वीतभर लांब शिवले आणि खाली दुमडून टाके घातले, पुढच्या क्वार्टरची खिडकी मोठी असली तर उसवता यावेत म्हणून. यावेळी दुमड नाही. मी म्हटलं, छान दिसतात. खरंच दिसतात.

पडद्याने आवाजही जरा मऊ झाला. खोलीत कापड हवंच.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, सुवर्णा बसते तिथून, आवाज जरा बारीक वाटतो. नवे स्पीकर आहेत, आवाज मोकळा व्हायला वेळ घेतात म्हणे.

२४ सप्टेंबर

वसंता. "दादा, यंदा विजयादशमीला तरी ये. दीक्षाभूमीवर जाऊ सगळे. तेव्हाच बोलू खोलीचं." मन धावलं. पास आहे, गाडी आहे, आता रजेचाही प्रश्न नाही.

सुवर्णाला विचारलं, तर तिने त्या दिवशी आमच्याच घरी वंदना ठेवलीय. रेल्वे कॉलनीतल्या बाया येणार, इथल्या दोन घरच्या येणार, खीर ठरली, सतरंज्या ठरल्या. "तुम्ही जा नागपूरला," म्हणाली. रागाने नाही. म्हणूनच जाता आलं नाही.

तिला म्हटलं, वंदनेनंतर गाणी मी लावतो. नव्या सिस्टिमवर. ती खूश झाली. मीही.

२८ सप्टेंबर

गाणी निवडतोय. कॅसेटी पेन्सिलीने फिरवून जागेवर आणून ठेवल्या. मयूरी म्हणे, "पप्पा, प्लेलिस्ट बनवून देते ना." हीच माझी प्लेलिस्ट, ओळीने मांडलेली.

खोकी अजून दाराआड. दार पूर्ण उघडत नाही. सुवर्णा तिरपी होऊन जाते पण वर ठेवत नाही. कमाल आहे.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

लिहावं की नाही कळत नाही. लिहितो.

सकाळी घर भरलं. वीसेक बाया, चार पुरुष, पोरं. पांढऱ्या साड्यांनी हॉल उजळला. सुवर्णाने त्रिसरण-पंचशील घेतलं. तिचा आवाज या हॉलमध्ये कसा भरतो ते पहिल्यांदाच ऐकलं. काही जोडलं नाही, काही वाढवलं नाही, शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता.

मग खीर. मग माझी पाळी. ढोलकीचं गाणं निवडलं होतं, पहिलंच जोरदार. बटण दाबलं.

गायक आला. पेटी आली. बाया बोलायला लागल्या. मी आवाज वाढवला. आणखी वाढवला. शब्द कानाला टोचायला लागले, पण अंगात काही येईना. पुढच्या रांगेतली पोरं ऐकत होती, मागच्या बायांच्या गप्पा चालू.

भीमाबाई मधोमध बसल्या होत्या. रेल्वे कॉलनीतल्या सगळ्यांत वयस्क. त्यांचे यजमान ट्रॅकवर गँगमन होते. त्यांना हे गाणं माझ्यापेक्षा जुनं माहीत. त्या कान देऊन ऐकत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ढोलकी कुठी गेली भाऊ?"

म्हटलं, आहे ना, ऐका नीट.

त्यांनी पुन्हा ऐकलं. मग स्वतःच्या मांडीवर थाप द्यायला लागल्या, जिथे जिथे ढोलकी असायला हवी तिथे. शेजारच्या बाईने टाळी धरली. मग सगळ्यांनीच. माझ्या स्पीकरांत जे नव्हतं ते बायांनी हातांनी भरून काढलं. दिवस छान गेला सगळ्यांचा, मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे गेल्यावर सुवर्णा सतरंज्या झटकत होती. मी म्हटलं, तिकडे गेल्यावर बरोबर वाजतील, बारा बाय दहाची खोली आहे.

ती थांबली.

"माथुरजींना तुम्ही कोणत्या खोलीचं माप दिलं?"

"वसंताच्या वरच्या."

"ती खोली नागपूरला आहे," म्हणाली. "बाया इथं बसल्या होत्या."

आणि सतरंजी घेऊन बाहेर गेली. मयूरी मोबाइलमध्ये पाहत होती. पण मोबाइल बंद होता.

३ ऑक्टोबर

वसंताला फोन करायचा होता. नाही केला.

४ ऑक्टोबर

रागावलो होतो. कुणावर ते दोन दिवस कळलं नाही. आधी सुवर्णावर, मग स्पीकर बनवणाऱ्यांवर, मग वसंताच्या बुटक्या छतावर. आज दुपारी टेप घेऊन हा हॉल मोजला. अठरा बाय चौदा, शिवाय लागून जेवणाची जागा उघडीच. चार महिने राहतोय. त्या खोलीची मापं मला तोंडपाठ, हिची माहीत नव्हती.

मोजत असताना मयूरीने टेपचं दुसरं टोक धरलं. म्हणाली, "पप्पा, दुकानात मी बोलणार होते. मतलब, मला वाटलं तुम्ही खरंच जाणार आहात. मग कशाला बोलू." आणि मग तिच्या तुटक्या मराठीत, "आई नाही जाणार. तिला विचारलं का तुम्ही? कधी?"

नाही विचारलं. गृहीत होतं. आम्ही दोघंही नागपूरचे, मग त्यात विचारायचं काय, असं वाटत आलं. लिहिताना लाज वाटतेय.

५ ऑक्टोबर, रविवार

विचारलं.

ती कढीपत्त्याला पाणी घालत होती. म्हटलं, नागपूरला जायचं का आपण?

बराच वेळ पाणी घालत राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला जायचं असल तर येईन जी. आजवर आलेच ना सगळीकडे." नळ बंद केला. "पण आता ट्रकमागे धावायचा कंटाळा आला."

एवढंच. मी म्हटलं, बघू, घाई नाही. तीही बघू म्हणाली.

संध्याकाळी वसंताला फोन केला. दिवाळीनंतर सांगतो म्हटलं. तो म्हणाला, "दादा, बाई थांबून नाही राहिल्या तोवर." आवाज पडला होता त्याचा. मलाही कसंतरीच झालं. दादाची खोली. लहानपणी एकाच चादरीत झोपायचो आम्ही.

८ ऑक्टोबर

काही का असेना, स्पीकर तर बदलायलाच हवेत. नागपूर जेव्हा होईल तेव्हा होईल, तोवर ढोलकीशिवाय राहायचं का? माथुरजींना फोन केला. खोक्यात, थर्माकोलसकट, जसेच्या तसे आणा, बदलून देतो म्हणाले. खोकी दाराआडच होती. सुवर्णाने वर ठेवली नाहीत ते बरंच झालं.

११ ऑक्टोबर, शनिवार

या वेळी सुवर्णालाही नेलं. तिने आधी नको म्हटलं, मग बिमलाजींची फिकट गुलाबी शाल मागून आणली, कारण दुकानात एसी असतो.

माथुरजींनी विचारलं, कमरा? अठरा बाय चौदा म्हटलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "साहब, मकान बदल लिया क्या?"

"ऐसा ही समझिए," म्हटलं.

उभे स्पीकर ऐकले, कमरेपर्यंत येणारे. दोन जोड्या. पहिल्याची ढोलकी मोठी पण सैल, थाप पडली की लांबत जायची. दुसऱ्याची घट्ट. थाप पडली की पडली, हात उचलला की गप्प. मी ऐकत होतो गायकाला, ट्रेबलला, त्या लवकर शिरणाऱ्या बाईला. सुवर्णाला विचारलं, कोणते? ती म्हणाली, "दुसरे. त्यात माणूस वाजवून राहिला. पहिल्यात नुसतं वाजून राहिलं."

यापुढे अ‍ॅम्प्लिफायरचं परीक्षणही तिलाच विचारून वाचणार.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

आले. टेम्पोवाल्या दोघांनी उचलून आत आणले, मला हात लावू दिला नाही. भिंतीपासून हातभर पुढे, जरा आत वळवून. सुवर्णाच्या जागेवर बसून ऐकलं, माझ्या खुर्चीवरून नाही.

काय सांगू. ढोलकी जमिनीवरून आली, पायांना कळली. गायक मधोमध उभा. बटणं सरळ ठेवली, एकही फिरवावं लागलं नाही. सुवर्णा स्वयंपाकघरात होती, तिथूनच गुणगुणायला लागली आणि पोळ्या लाटता लाटता लाटणं तालावर यायला लागलं. बिमलाजी आल्या, बसल्या, चहा घेतला, "ये वाला फिर से लगाओ भाईसाहब" म्हणाल्या. मयूरी कामावरून आली आणि बूट न काढता दारातच उभी राहिली. "ओके," म्हणाली. "ओके, पप्पा. साउंडबार कॅन्सल."

भीमाबाईंना फोनवरच ऐकवलं. फोनवर ढोलकी कुठली जाणार. पण त्या म्हणाल्या, "हां. आता आली."

फार दिवसांनी एवढा बरा दिवस.

१६ ऑक्टोबर

या वेळची खोकी अजस्र आहेत. उभी बसणार नाहीत, पण आडवी घातली तर माळ्यावर मावतील. नागपूरचं ठरलं तर असले स्पीकर खोक्याशिवाय हलवणं अशक्य. सुवर्णाला म्हटलं. "राहू द्या हो, पाहू नंतर," म्हणाली. म्हणजे पुन्हा महिनाभर दाराआड! ती उद्या फिरायला गेली की मीच चढवतो. गुडघ्याला काही होत नाही एवढ्याने.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

स्टूलवर चढलो. माळ्याचं दार उघडलं. आत गोधड्या, कूलरच्या जाळ्या, पिठाचा मोठा डबा. खोकं एकही नाही. अ‍ॅम्प्लिफायरचं नाही, डेकचं नाही, जुन्या स्पीकरांचंही नाही.

सुवर्णा पार्कातून आली तेव्हा मी अजून वरच होतो. तिने खाली उभं राहून स्टूल धरलं. "जुलैतच दिली भंगारवाल्याला," म्हणाली. "तुम्ही गुडघा दाखवायला गेले होते त्या दिवशी."

मी उतरलो. वसंताला फोन केला, बँकवाल्या बाईंना येऊ दे म्हटलं. मग दोघांनी मिळून नवी खोकी गेटपाशी नेऊन ठेवली.